वीज आली, पण चूल विझली का?

 

आजचा विषय आहे खेड्यातल्या घरातली वीज आणि खेड्यातल्या घरातली ऊर्जा. हे दोन शब्द मी मुद्दाम वेगवेगळे घेतले. आपण बोलताना ते एकाच अर्थाने वापरतो, पण खेड्यातल्या घरात त्यांच्यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर किती आहे आणि का आहे, एवढंच आज समजून घ्यायचं आहे.

सुरुवातीला दोन आकडे लक्षात ठेवा. पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार ग्रामीण भागातल्या शंभरपैकी जवळपास ९६ घरांत वीज होती. त्याच पाहणीत, त्याच ग्रामीण भागात, स्वयंपाकासाठी गॅस, वीज किंवा बायोगॅस असं स्वच्छ इंधन प्रामुख्याने वापरणारी घरं होती शंभरात ४३. म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत डोक्यावर दिवा विजेचा आणि खाली चूल लाकडाची, गोवऱ्यांची, पऱ्हाट्यांची.

हे कसं झालं? त्यासाठी आधी एक साधा प्रश्न विचारू. "गावात वीज आली" हे ठरवायचं कसं?

गावात वीज म्हणजे नेमकं काय?

सरकारी दफ्तरात या प्रश्नाचं उत्तर दोनदा बदललं आहे, आणि प्रत्येक उत्तरात त्या त्या काळाचा विचार दिसतो.

१९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकरण झालेलं. शिवारात एका विहिरीवर मोटर बसली की झालं. गावठाणात एकही दिवा नसला तरी कागदावर गाव उजळलेलं.

ही व्याख्या विचित्र वाटते, पण त्या काळाचा हेतू पाहिला की उलगडा होतो. १९६५ ते ६७ च्या दुष्काळांनी देश हादरला होता. अन्नधान्य वाढवायचं तर पाणी हवं, पाण्यासाठी पंप हवा आणि पंपासाठी वीज. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं, तेव्हा पंपांना वीज देणं हे त्याचं मोठं काम होतं. त्याच काळात वीज सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या. आपल्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा आणि बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था ही त्यातली मराठी माणसाच्या ओळखीची नावं. या सगळ्यातून शेतीला वीज मिळाली आणि धान्यही पिकलं. पण तारा विहिरीकडे गेल्या, घराकडे नाही.

१९९७ नंतर व्याख्या थोडी सरकली. वीज गावच्या वस्तीत वापरली गेली पाहिजे असं ठरलं. मग २००४ साली तिसरी व्याख्या आली. तिच्यात तीन अटी होत्या. गावात आणि दलित वस्तीतही ट्रान्सफॉर्मर व तारा हव्यात. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी. आणि गावातल्या किमान दहा टक्के घरांत जोडणी हवी.

दहा टक्के! शंभर घरांच्या गावात दहा घरी दिवा लागला आणि नव्वद घरी चिमणी असली, तरी गावाची नोंद "विद्युतीकरण पूर्ण". २०११ च्या जनगणनेत याचा परिणाम दिसतो. बहुसंख्य गावं तोवर कागदावर विद्युतीकरण झालेली होती, पण ग्रामीण भागात विजेचा दिवा मुख्यतः वापरणारी घरं ५५ टक्केच होती. ४३ टक्के घरं रॉकेलवर होती. बिहारच्या खेड्यांत तर विजेचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं.

त्यानंतर वेग आला, हे मान्य केलंच पाहिजे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लेइसांग हे गाव ग्रीडला जोडलं गेलं आणि देशातल्या सर्व गावांचं विद्युतीकरण झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली होती. तिने पहिल्यांदा गाव सोडून घर मोजायला सुरुवात केली. मार्च २०२२ पर्यंत २ कोटी ८६ लाख घरांना जोडणी मिळाली. इतक्या कमी वर्षांत इतक्या घरांत मीटर बसणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी रॉकेलच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना ते सांगावं लागत नाही.

पण पहा, मोजणी विहिरीवरून गावावर आली, गावावरून घरावर आली, आणि घराच्या मीटरपाशी थांबली. मीटरच्या आत घरात काय चाललं आहे, तिथे आता आपण जाऊ.

एका घराचा हिशेब

एक युनिट म्हणजे काय, हे आधी पक्कं करू. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट जळतं. शंभर वॅटचं उपकरण दहा तास चाललं तरी एक युनिटच.

आता पाच माणसांचं एक साधं घर घ्या. नऊ वॅटचे चार एलईडी बल्ब, रोज पाच तास. झाले १८० वॅट-तास. ७५ वॅटचा एक पंखा, दहा तास. झाले ७५०. साठ वॅटचा टीव्ही, चार तास. झाले २४०. दोन मोबाइलचं चार्जिंग वीस धरा. बेरीज होते ११९०, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वा युनिट. महिन्याला ३६ युनिटं.

आता त्याच घराच्या चुलीकडे चला. अशा घराला दिवसाला पाच किलो सरपण लागतं असं धरू. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे चार युनिट इतकी उष्णता असते. म्हणजे पाच किलोत वीस युनिटं. महिन्याला सहाशे!

एका बाजूला महिन्याला ३६ युनिटं आणि दुसऱ्या बाजूला ६००. बिल येतं ३६ चं, म्हणून आपण त्यालाच "ऊर्जा" म्हणतो. सहाशेचं बिल येत नाही. ते डोक्यावरच्या मोळीच्या रूपाने येतं आणि बहुतेक वेळा ते डोकं घरातल्या बाईचं किंवा मुलीचं असतं.

हा निव्वळ माझ्या कागदावरचा हिशेब आहे असं समजू नका. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांनी 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला. ग्रामीण तंत्रज्ञान हा त्याचा विषय. या गटाने कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या काही गावांत घरोघरी जाऊन ऊर्जा मोजली. लाकूड तोललं, रॉकेल मोजलं, माणसांच्या आणि बैलांच्या कामाचे तासही धरले. पुरा नावाच्या गावात असं निघालं की गावाच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास नऊ दशांश हिस्सा लाकूडफाट्याचा होता. विजेचा वाटा एका टक्क्याच्या आसपास. जी गोष्ट सरकार मोजत होतं ती एक टक्का होती, आणि जी नव्वद टक्के होती तिची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

आज पन्नास वर्षांनी विजेचा वाटा वाढला आहे. पण तुमच्या ओळखीच्या कुठल्याही चुलीवाल्या घराचा हिशेब मांडून पहा, तराजू अजूनही चुलीकडेच झुकतो.

चुलीतली गळती

आता याच हिशेबातली एक गंमत पहा. साधी तीन दगडांची चूल फार उधळी असते. शंभर भाग उष्णतेतले सुमारे दहा भाग भांड्यात जातात. बाकीची उष्णता धुरात, हवेत आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर. म्हणजे वीस युनिटांतली दोनच युनिटं खरी भाताला आणि आमटीला लागतात.

ही दोन युनिटं दुसऱ्या मार्गाने द्यायची तर काय लागेल? इंडक्शन शेगडी शंभरातले ८५ च्या आसपास भाग भांड्यात घालते. म्हणजे दिवसाला सुमारे २.३५ युनिट वीज, महिन्याला ७०. गॅस शेगडी शंभरातले ६५ च्या आसपास भाग देते. एक किलो गॅसमध्ये १२.८ युनिट उष्णता असते, म्हणजे दिवसाला पाव किलोपेक्षा किंचित कमी गॅस. १४.२ किलोचं सिलिंडर दोन महिने पुरेल आणि वर्षाला सहा लागतील.

वीस युनिटांचं काम अडीच युनिटांत! मग लोक वेडे आहेत का? अजिबात नाहीत. कारणं आहेत, आणि ती एकेक करून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण चुलीचं स्वतःचं. चुलीवर फक्त स्वयंपाक होत नाही. आंघोळीचं पाणी तापतं, जनावरांचं खाद्य शिजतं, थंडीत घर ऊबदार राहतं. भाकरी तव्यावरून काढून विस्तवाला लावली की टम्म फुगते, ते इंडक्शनच्या काचेवर होत नाही. त्यामुळे शेगडी आली तरी चूल लगेच जात नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. धूर कमी होतो, पण संपत नाही. आणि धुराच्या बाबतीत अर्धवट कमी होणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे जगभरात दरवर्षी ३० लाखांच्या आसपास लोक अकाली मरतात. न्यूमोनिया झालेली लहान मुलं त्यात आहेत, आणि फुफ्फुसाचे व हृदयाचे आजार झालेल्या बायकाही.

दुसरं कारण रोकड. सरपणाला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. सिलिंडरला पैसे लागतात आणि तेही एकरकमी. शेतमजुराच्या घरात रोजचे चाळीस रुपये निघू शकतात, एकदम आठ-नऊशे निघणं अवघड. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे सुरू झाली. आजवर दहा कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ पासून या घरांना सिलिंडरमागे तीनशे रुपयांची सबसिडी आहे. त्याचा उपयोग झाला. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाचं एक घर वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेत होतं, २०२४-२५ मध्ये ते साडेचारच्या आसपास गेलं. पण आपल्या हिशेबात पूर्ण स्वयंपाकाला सहा लागत होते. मधल्या दीड सिलिंडरची उणीव कोण भरून काढतं? चूल.

तिसरं कारण मात्र विजेचं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बल्बसाठी बांधलेली वीज

गावातल्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर साधारण २५, ६३ किंवा १०० केव्हीएचा असतो. ६३ केव्हीएचा धरू. त्यातून सुमारे ५५ ते ५७ किलोवॅट भार घेता येतो. त्यावर शंभर घरं आहेत. प्रत्येक घर बल्ब, पंखा, टीव्ही चालवतं, म्हणजे दोनशे वॅटच्या आत. सगळ्यांनी एकदम चालवलं तरी वीस किलोवॅट. ट्रान्सफॉर्मर खुशाल आहे.

आता त्यातल्या चाळीस घरांनी संध्याकाळी सात वाजता दीड हजार वॅटची शेगडी लावली. चाळीस गुणिले दीड, साठ किलोवॅट. आणि आधीचे वीस आहेतच. ट्रान्सफॉर्मर तापतो, फ्यूज उडतो, आणि चार दिवस असंच चाललं तर डीपी जळते. मग वायरमनला फोन, वर्गणी, ट्रॅक्टरवरून नवी डीपी आणणं, हे सगळं खेड्यात राहिलेल्यांना पाठ आहे.

डीपी जळण्याच्या आधी आणखी एक गोष्ट होते, दाब पडतो. तार लांब आणि बारीक, शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत २३० व्होल्टचे १७० होतात. दाब चतुर्थांशाने कमी झाला तर काम चतुर्थांशाने कमी होईल असं वाटतं. पण कॉइलच्या शेगडीची किंवा गिझरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १७० व्होल्टला हजार वॅटची शेगडी साडेपाचशे वॅटचीच राहते. भात अर्ध्या तासाऐवजी तासभर शिजत नाही, आणि घरातली बाई म्हणते, "नको ती शेगडी, चूलच बरी." तिचं बरोबर आहे. तिला जी वीज मिळाली ती स्वयंपाकाची वीज नव्हतीच, दिव्याची होती.

ही योजनाकारांची चूक की काटकसर, यावर वाद घालता येईल. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती नावाची योजना होती, तिच्यात गरिबाच्या घरी एका दिव्याची जोडणी दिली जात असे. विचार तोच होता, गरिबाला दिवा पुरे. दिवा देणं स्वस्त पडतं. पण गावाची सगळी व्यवस्था दिव्याच्या मापाने बांधली की पुढच्या प्रत्येक गोष्टीला, शेगडी असो, फ्रिज असो की पिठाची गिरणी, तेच माप आडवं येतं.

जागतिक बँकेने २०१५ साली यासाठी पायऱ्यांची एक पट्टी तयार केली. वीज "आहे" किंवा "नाही" असं न विचारता ती पाच पायऱ्यांवर मोजायची. पहिल्या पायरीवर दिवसाला चार तास वीज, एखादा दिवा आणि मोबाइल चार्जिंग. तिसऱ्या पायरीवर किमान दोनशे वॅट, आठ तास, त्यातले तीन संध्याकाळचे. पाचव्या पायरीवर दोन हजार वॅट आणि २३ तास. आपल्या मघाच्या घराला चौथ्या-पाचव्या पायरीशिवाय विजेवर स्वयंपाक करता येत नाही. पहिल्या पायरीवरचं घर आणि पाचव्या पायरीवरचं घर आपल्या जनगणनेत मात्र एकाच रकान्यात बसतं.

तास कुठे मोजायचे?

सरकारी आकडेवारीनुसार २०१४ साली ग्रामीण भागात दिवसाला सरासरी साडेबारा तास वीज होती, ती अलीकडे साडेबावीस तासांच्या आसपास गेली आहे. बदल खरा आहे. पण हे तास बहुतांशी उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या फीडरवर मोजले जातात. फीडर चालू आहे म्हणजे तुमच्या घरात दिवा आहेच असं नाही. मधे डीपी असते, फ्यूज असतो, लघुदाबाची तार असते, त्यावर पडलेली बाभळीची फांदी असते. उपकेंद्राच्या वहीत तो तास "पुरवठा सुरू", तुमच्या घरात अंधार.

म्हणून पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने २००७ पासून एक वेगळं काम केलं. छोटी यंत्रं थेट ग्राहकांच्या घरात बसवली आणि दाब मिनिटामिनिटाला नोंदवला. पुढे ही यंत्रं अनेक राज्यांत गेली. मोजायचं तर घरातल्या बोर्डापाशी मोजायचं, हा त्यामागचा साधा विचार.

दुसरा मुद्दा कोणत्या फीडरवर तुम्ही आहात हा. शेतीपंप आणि घरं एकाच फीडरवर असतील तर पंपांसाठी भारनियमन केलं की घरंही अंधारात जातात. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेतून शेतीचे फीडर वेगळे केले, १८ हजारांहून अधिक गावांत. महाराष्ट्रातही गावठाण फीडर वेगळे करण्याचं काम झालं. गावठाणातल्या घरांना त्याचा मोठा फायदा झाला.

पण आपल्याकडे किती कुटुंबं गावठाणात राहतात? ज्यांनी शेतात घर बांधलं, ती वस्तीवरची घरं शेतीच्याच फीडरवर राहिली. थ्री फेज गेली की सिंगल फेजवर दिवा लागतो, तोही डिम, कारण शेजारी कुणीतरी त्याच सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढत असतो. गावाचा आकडा सुधारला, वस्तीचा नाही. आणि गावाच्या सरासरीत वस्ती दिसतही नाही.

मग सोलर आहे ना?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. उत्तर होय आणि नाही, दोन्ही आहे.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. तीसएक वर्षं ते विजेविना होतं. २०१४ साली ग्रीनपीस आणि सहकारी संस्थांनी तिथे शंभर किलोवॅटची सौर मायक्रोग्रीड उभी केली. देशभर बातम्या झाल्या. दिवे लागले, मुलं अभ्यासाला बसली, रस्ते उजळले. पण टीव्ही, फ्रिजसारखी जास्त वीज खाणारी उपकरणं त्यावर लावता येत नव्हती. गावकऱ्यांची मागणी सुरू झाली की आम्हाला खरी वीज द्या. पुढे ग्रीड आली, तिचा दर कमी होता आणि भार जास्त पेलत होती. लोक तिकडे गेले. बॅटऱ्या थकल्या, दुरुस्ती झाली नाही आणि काही वर्षांत ती मायक्रोग्रीड बंद पडली.

या गोष्टीचा अर्थ "सोलर फसलं" असा काढू नका. लोकांना दिवा नको होता असंही नाही. दिवा मिळाल्यावर माणूस दिव्यापाशी थांबत नाही, एवढंच धरनईने दाखवलं. जी व्यवस्था पुढच्या पायरीवर चढू देत नाही ती लोक सोडून देतात.

आता घराच्या छतावरच्या सोलरबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, महिन्याला सुमारे १२०. आपल्या घराची ३६ आणि इंडक्शनची ७०, मिळून १०६. म्हणजे एका किलोवॅटमध्ये स्वयंपाकासकट सगळं बसतं!

पण बसवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण अनेकांचा इथेच हिरमोड होतो. नेट मीटरवाली साधी सोलर यंत्रणा ग्रीड गेली की बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हातही. ही बिघाड नाही, सुरक्षेची तरतूद आहे. लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढला आणि तुमच्या छतावरून तारेत वीज आली तर त्याचा जीव जाईल. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. तेव्हा ज्या गावात वीज वारंवार जाते, तिथे सोलरने बिल कमी होईल, अंधार आपोआप जाणार नाही. विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारा.

तुमच्या हातात काय आहे?

आता कामाच्या चार गोष्टी.

एक. बिल काढा आणि "मंजूर भार" वाचा. इतर राज्यांत तो वेगळ्या शब्दांत असेल, पण असतो. तिथे अर्धा किलोवॅट लिहिलं असेल आणि तुम्ही शेगडी लावणार असाल, तर आधी भार वाढवून घ्या. गावात खरा भार किती आहे हे कंपनीला कागदावर दिसलं, तरच मोठा ट्रान्सफॉर्मर मागता येतो. आकडा टाकून घेतलेला भार कुणाच्याच हिशेबात येत नाही, आणि डीपी सगळ्यांची जळते.

दोन. स्लॅबची भीती बाळगू नका. महाराष्ट्रात घरगुती दराची पहिली पायरी शंभर युनिटांपर्यंत आहे. १०६ युनिट झाली तर सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असा समज आहे. तसं नाही, वरचा वीज आकार फक्त त्या सहा युनिटांना. पण उलट बाजूही पहा. जुना ७५ वॅटचा पंखा बदलून ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला, तर दहा तासांच्या वापरात महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. शेगडीच्या सत्तरातली साडेतेरा तिथेच निघाली.

तीन. नियम माहीत असू द्या. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत ग्राहकाला चोवीस तास वीज देण्याचं बंधन आहे, फक्त शेतीसारख्या काही वर्गांना आयोग कमी तास ठरवू शकतो. वस्तीवरचं घर हे घर आहे, पंप नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत, डोंगराळ भागात ३० दिवसांत देणं अपेक्षित आहे. तक्रार १९१२ वर करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. तिथे वकील लागत नाही, पण तारखा आणि क्रमांक लागतात.

चार. ग्रामसभेत प्रश्न विचारा. "गावात वीज आहे का?" हा प्रश्न आता जुना झाला. विचारा की आपल्या डीपीची क्षमता किती, तिच्यावर घरं किती, वस्ती कोणत्या फीडरवर आहे, संध्याकाळी सहा ते नऊ दाब किती असतो. आणि अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार अजून लाकडावर शिजतो का. तिथली चूल आधी बदलता येते, कारण ती एका घराच्या पैशावर अवलंबून नाही.

तुमच्यातले बरेच जण शहरात आहात आणि गावाकडे आई-वडील, काका-काकू आहेत. गावी टीव्ही घेऊन देणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी स्वयंपाकघरात जा. सिलिंडर कधी भरलं होतं ते विचारा. ते वर्षभरापूर्वीचं असेल, तर कारण विचारा. पैसे, अंतर, भाकरीची चव की पडलेला दाब? प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही.

एका पिढीने चिमणी जाऊन बल्ब आलेला पाहिला. त्यासाठी विहिरीवरची वीज घरात आणावी लागली, आणि त्याला पन्नास वर्षं लागली, कारण घर कुणी मोजतच नव्हतं. आता बल्बची वीज चुलीपर्यंत न्यायची आहे. त्यासाठी आधी चूल मोजायला हवी.

तुमच्या गावातला ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे आणि त्यावर किती घरं आहेत, हे शोधून काढा आणि आम्हाला जरूर कळवा.